ओहोटीची साक्ष

माझ्या नणंदेला आमच्या गल्लीत चिखलताई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण ती कोपऱ्यावरून गमबूट वाजवत वळली की दूधवाल्यापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे "आली चिखलताई" म्हणून वाट मोकळी करतात. त्यात आदर किती आणि वासाची धास्ती किती, हे मला विचारू नका. नदीचा गाळ एकदा कपड्यात मुरला की साबणाला दाद देत नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात फ्रिजमधली एक गुलाबी बरणी जॅमची समजून उघडली होती. आत किडे होते. ताई धावत आली. मला वाटलं, मला सावरायला आली. ती बरणीचं झाकण लावायला आली होती.

"एवढा नमुना वाया गेला असता ना!" ती म्हणाली. मी भिंतीला टेकून उभी होते, ते तिने नंतर पाहिलं.

ताई नदी कार्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमची नदी शहरातून जाऊन समुद्राला मिळते, आणि समुद्रही गप्प बसत नाही, रोज दोनदा नदीत शिरतो आणि दोनदा मागे हटतो. ताईचं काम एवढंच, की या नदीची तब्येत कशी आहे ते सांगायचं. पाण्याच्या बाटल्या भरून त्यात प्राणवायू किती, मीठ किती, घाण किती ते तपासायचं, आणि तळाचा गाळ आणून त्यात जिवंत काय काय आहे ते मोजायचं. गाळ बारीक जाळीतून धुवायचा, उरलेल्यावर गुलाबी रंग टाकायचा म्हणजे जीव तेवढे रंगतात आणि मातीतून उठून दिसतात, मग पांढऱ्या थाळीत चिमट्याने एकेक वेचायचा. जाळी फाटली की मी शिवून देते. माझं शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे, त्यामुळे शाळेचे गणवेश आणि किड्यांच्या चाळण्या एकाच मशीनवर होतात.

"पाणी म्हणजे पाहुणा," ताई म्हणायची, "सकाळी आला, दुपारी गेला. गाळ घरचा. त्याला विचार." धडधाकट गाळात नाना जातीचे जीव असतात, प्रत्येकाचे थोडे थोडे. आजारी गाळात एकाच जातीच्या, लाल दोऱ्यासारख्या किड्यांची झुंबड उडते. घाण त्यांना मानवते. बाकीचे मेलेले असतात.

ताईने अख्खी उमर एका नाल्याशी भांडण्यात घालवली. शहराचं सांडपाणी आणि वरच्या रंगकारखान्यांचं पाणी, दोन्ही ज्यातून नदीत पडतं तो काळा नाला. नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे. तिथल्या बायका ओहोटीला चिखलात बसून शिंपले काढतात, पोरं पाण्यात डुंबतात. गणवेशाचं माप घ्यायला ती पोरं माझ्याकडे येतात. बाही मोजायला हात वर करायला सांगितला की काखेपासून कोपरापर्यंत फोड. एका पोरीच्या आईला मी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस?" ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात नदीत जाऊ नका. मग जायचं कुठे?" त्या दिवशी मी फीत जमिनीवर आपटली होती. आपटून काय होणार? पण आपटली.

तर ताईने वर्षानुवर्षं गाळ उपसून, कागद पाठवून, वरच्या लोकांच्या नाकी नऊ आणून त्या नाल्यावर शुद्धीकरण केंद्र मंजूर करून घेतलं. नाल्याजवळची जागा ठरली, तिला कुंपण पडलं. फक्त एक अट होती. नदी आजारी असल्याचं कार्यालयाने दर वर्षी प्रमाणित करायचं. नदी बरी झाली तर केंद्र कशाला?

आणि मग बोट आली.

त्याआधी ताई आणि तिचा म्हातारा मदतनीस ओहोटीला चिखलातून चालत जाऊन नमुने आणायचे. मदतनीस निवृत्त झाला, ताईचा गुडघा कुरकुरायला लागला, आणि त्याच सुमारास कार्यालयात नवे साहेब आले. साहेबांना चिखल आवडत नाही. त्यांनी पांढरीशुभ्र, केबिनवाली, गाद्यागिरद्यांची बोट आणली आणि फर्मान काढलं, की यापुढे कर्मचाऱ्यांनी गाळात पाय ठेवायचा नाही, धोका आहे. बोट चालवायला निवडला गेला माझा नवरा. ताईचा धाकटा भाऊ. तोवर तो कार्यालयाची जीप चालवायचा. परवाना काढायला त्याने जेवढा अभ्यास केला तेवढा शाळेत केला असता तर आज साहेबांच्या खुर्चीत बसला असता, असं ताई म्हणाली, आणि तिनेच त्याचं नाव कप्तान ठेवलं. त्याला राग यायचा सोडून आनंदच झाला. मीही त्याला कप्तानच म्हणते.

माणसाने बोटीवर किती जीव लावावा! सुट्टीच्या दिवशी हा गृहस्थ धक्क्यावर जाऊन बोटीच्या काचा पुसायचा. घरच्या काचा मी पुसते. बोटीच्या गाद्यांना अभ्रे मीच शिवले, तेही त्याने दोनदा उसवून परत शिवायला लावले, कारण कडा सरळ नव्हत्या म्हणे. कधी कुणी त्याला "अरे" शिवाय हाक मारली नव्हती. आता धक्क्यावरचा वॉचमनसुद्धा त्याला सलाम करायचा. मी चिडवायची, पण आतून मला बरं वाटायचं, ते खोटं का सांगू?

बोट आल्यापासून नदीचं पाणी सुधारलं. प्राणवायू चांगला, घाण कमी, वास नाही. साहेबांनी सांगितलं की काळा नाला बंद करण्यात आलेला आहे, त्याच्या तोंडावर लोखंडी झडप बसवली आहे. ताईने बोटीतून ती झडप पाहिली. खरंच बंद होती. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि कधी नव्हे ते गुणगुणत होती.

पण गाळ ऐकेना. बोटीवरून दोराने सोडलेल्या लोखंडी चिमट्याने वर काढलेल्या गाळात लाल किड्यांची झुंबड दर खेपेला वाढतच होती. ताईने चाळण्या बदलल्या, मला जाळीची शिवण तपासायला लावली, सगळा गाळ परत धुतला. साहेब म्हणाले, "बाई, गाळात जुनी घाण असते. त्याला वेळ लागतो. पाणी उत्तम आहे, गाळ वाईट आहे, सरासरी काढली तर नदी निरोगी."

ताई घरी येऊन ओरडली, "सरासरी! एक पाय विस्तवात आणि एक बर्फात ठेवला तर माणूस सरासरीने सुखी म्हणायचा का?" तिचा तिळपापड झाला होता, पण पाण्याचे आकडे तिने स्वतःच काढलेले होते. स्वतःच्या आकड्यांशी भांडणार कशी? साहेबांनी तर जाहीरच करून टाकलं, की यंदा नदीला 'निरोगी' दर्जा देणार. म्हणजे केंद्र रद्द. कुंपण घातलेल्या जागेवर गाड्यांचा तळ होणार अशी कुणकुण लागली.

कोडं सुटलं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर. सुट्टीची दुपार होती, आणि कप्तान नेहमीप्रमाणे बोटीचं कौतुक सांगत होता. बोट किती भारी, तिला पाणी किती लागतं, धक्क्यावरून फक्त भर भरतीलाच सुटते, त्यासाठी तो वेळापत्रक कसं तोंडपाठ ठेवतो. बोलता बोलता म्हणाला, "आणि त्या झडपेचं काम बघ ताई, काय नामी केलंय! समुद्राचं पाणी बाहेरून असं दाबतं तिला, की थेंब बाहेर यायचा नाही. फिटरने मला सगळं समजावून सांगितलं."

ताईचा घास हातात राहिला. "समुद्र दाबतो म्हणजे? तिला कुलूप नाही?"

"कुलूप कशाला? वर बिजागरी आहे. बाहेरचं पाणी चढलं की बंद. नाहीतर भरतीचं पाणी नाल्यातून उलटं शहरात नाही का घुसणार? त्यासाठीच बसवली ना."

"आणि बाहेरचं पाणी उतरलं की?"

"उतरलं की..." कप्तानाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग हळूच म्हणाला, "तेव्हा मी नसतो तिथे."

मला क्षणभर कळलंच नाही की दोघं एवढे पांढरेफटक का पडले. मग कळलं, आणि माझं जेवण गेलं. बोट भरतीशिवाय चालत नाही. भरतीला झडप बंद असते. म्हणजे बोट आल्यापासून यांनी एकही बाटली नाला वाहत असताना भरलेली नाही. समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलं, की शिकलीसवरलेली माणसं गादीवर बसून ते भरून आणायची आणि नदी सुधारली म्हणून एकमेकांची पाठ थोपटायची. सुईत दोरा ओवायला बसले की चष्मा लावावा लागतो मला, पण एवढं तर मलाही दिसलं असतं, कुणी दाखवलं असतं तर.

"मीही भरल्या त्या बाटल्या," ताई म्हणाली. "माझ्या हाताने." ती उठली आणि हात न धुता अंगणात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांची केबिन डोक्यावर घेतली. ओहोटीचे नमुने हवेत म्हणाली. साहेबांनी आधी कानावर हात ठेवले, मग नियम काढला. बोट ओहोटीला जाऊ शकत नाही, आणि गाळात चालायला मनाई. "मग करायचं काय?" ताईने विचारलं. साहेब म्हणाले, "जी पद्धत ठरली आहे ती पाळायची." पद्धत! नदी मेली तरी चालेल, पद्धत जगली पाहिजे.

ताई रजा टाकून घरी आली. "उद्या सकाळी ओहोटी आहे," तिने मला सांगितलं. "चिखलात एकटं जायचं नसतं. रुतलं तर ओढायला दुसरं माणूस लागतं. चलतेस?"

"ताई, मला गणवेश द्यायचेत उद्या."

"कुणाचे?"

मी मशीन झाकून ठेवलं, कारण गणवेश खालच्या वस्तीतल्या पोरांचेच होते. कप्तान आमच्याकडे बघत होता आणि नव्हताही. तो आला नाही. "ड्युटी आहे" म्हणाला. मी त्याला काही बोलले नाही. नंतर बोलले ते वेगळं.

चिखलात चालणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एक पाय काढावा तर दुसरा जातो. ताई दुखऱ्या गुडघ्याने पुढे आणि मी मागे, दोघींच्या गळ्यात बाटल्यांच्या पिशव्या. जिथे बोट तरंगायची तिथे आता नुसता काळा, चकचकीत गाळ पसरलेला होता. आणि समोर ती झडप. उघडी. चांगली हातभर उघडी, आणि खालून काळंनिळं, फेसाळ पाणी धो धो गाळावरून नदीत चाललेलं. वास नव्हे तो, मार होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोटाएवढे मासे पोट वर करून गाळावर पडले होते. आणि त्याच ओघळापासून थोडं पुढे दोन बायका टोपली घेऊन शिंपले वेचत बसल्या होत्या.

"ए, उठा तिथून!" मी किंचाळले.

त्यातली एक ओळखीची होती. तिने कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "अगं शिवणवाली ना तू? इकडे कुठे चिखलात?" जणू मीच चुकून भलत्या जागी आले होते.

मला इतका राग आला होता की कुणावर काढावा ते समजेना. त्या बायकांवर नाही. ताईवर नाही. पांढऱ्या बोटीवर आला, त्या अभ्र्यांवर आला जे मी सरळ कडांनी शिवून दिले होते. ताईने बाटली पाण्यात धरली. प्राणवायू जवळजवळ नव्हताच. तिने तिथल्या तिथे मोजला, परत मोजला, आणि मग ती फेसाळत्या ओघळाच्या काठावर उभी राहून साहेबांना अशा शिव्या द्यायला लागली की टोपलीवाल्या बायका हसू दाबायला लागल्या. मी पुन्हा तिच्या तोंडून तसलं काही ऐकलेलं नाही.

साहेबांनी ते नमुने घेतले नाहीत. अनधिकृत, म्हणाले. पद्धतीबाहेरचे, रजेवर असताना काढलेले, आणि सोबत बाहेरची व्यक्ती. बाहेरची व्यक्ती म्हणजे मी. पण ताईने वर एवढा आरडाओरडा केला, की अखेर वरून एक समिती आली. अध्यक्ष आणि दोन सदस्य. ते बोटीतून जाऊन नाला पाहणार, सगळ्यांना विचारणार आणि दर्जा ठरवणार. सगळं त्यांच्या एका पाहणीवर होतं. केंद्र होणार की गाड्यांचा तळ, ते त्याच दिवशी ठरणार होतं.

आदल्या संध्याकाळी साहेबांनी कप्तानाला बोलावून घेतलं. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. रात्री अंथरुणावर मी खोदून विचारल्यावर बोलला. "साहेब म्हणाले, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. बोट या कामाची नाही असं ठरलं तर विकून टाकतील. मग मी परत जीपवर. तीही नवा मुलगा चालवतो आता."

"मग?"

"मग काय? खोटं कुठे बोलायला सांगितलंय?"

"अहो, पण खरं बोलायला तरी सांगितलंय का?" मी म्हणाले. त्याने कूस बदलली आणि झोपेचं सोंग घेतलं. लाज वाटली मला त्याची. सांगून टाकते, वाटली.

पाहणी कधी ठेवली असेल? भर भरतीला! मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, पण बोटीत बाहेरच्या व्यक्तीला परवानगी नाही म्हणून मी नाल्याशेजारच्या बांधावर उभी राहिले. पाणी अगदी काठोकाठ होतं आणि निळंशार दिसत होतं. बोट आली, झडपेपासून थोड्या अंतरावर थांबली. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"हाच तो नाला?" अध्यक्षांनी विचारलं. टोपीवाले, सावकाश बोलणारे गृहस्थ.

"बंद केलेला नाला," साहेब म्हणाले.

"ओहोटी येईपर्यंत थांबा!" ताई म्हणाली. "दुपारपर्यंत थांबा, मग बघा बंद आहे का ते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. जेवणाची व्यवस्था केली होती म्हणे, आणि त्यानंतर समितीला परतायचं होतं. अध्यक्ष कप्तानाकडे वळले. "तुम्ही इथे नेहमी येता. ही झडप तुम्ही कधी उघडी पाहिली आहे?"

कप्तान उभा राहिला. हात मागे बांधून, शाळेत उभा राहावा तसा. "नाही साहेब. एकदाही नाही."

"लिहून घ्या," अध्यक्ष सदस्यांना म्हणाले. "चालकाने झडप कधीही उघडी पाहिलेली नाही. सबब नाला बंद आहे." आणि साहेब म्हणाले, "चला, वळवा बोट."

मला वाटलं आता ताई आकाशपाताळ एक करणार. मी वाटच बघत होते. पण ताई काहीच बोलली नाही. तिने एकदा भावाकडे पाहिलं आणि ती खाली बसली, त्या गादीवर, जिच्यावर ती कधी बसत नसे, आणि दोन्ही हात मांडीत घेऊन पायांकडे बघत राहिली. आयुष्यभर जिचा आवाज तीन गल्ल्या ऐकतात ती बाई गप्प झाली. मी बांधावर उभी राहून रडले. नवऱ्याचा एवढा संताप मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही.

बोटीचं इंजिन सुरू झालं. आणि बंद झालं.

कप्तानाने नांगर टाकला. शांतपणे, रोज टाकतो तसा. मग किल्ली काढली आणि ताईच्या हातात दिली. जगात कुणाची हिंमत आहे तिच्या हातातून काही काढून घ्यायची!

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"साहेब, माझं उत्तर अर्धं राहिलंय," कप्तान म्हणाला. "मी झडप उघडी पाहिली नाही, कारण मी उघडी असताना येतच नाही. येऊ शकत नाही. आज थांबतो. सगळ्यांनीच थांबू या."

"बोट गाळात बसेल!"

"बसेल," कप्तान म्हणाला. आपली बोट गाळात बसणार हे त्याने ज्या तोंडाने सांगितलं, ते मला बांधावरूनसुद्धा बघवलं नाही.

मग जी बोंबाबोंब झाली ती काय सांगू! साहेबांनी फोनवर फोन केले, पण कार्यालयाकडे दुसरी बोट कुठली? बोटीवर दोर टाकायचा तर गाळात उतरणार कोण? कर्मचाऱ्यांनी गाळात पाय ठेवायचा नाही हा त्यांचाच नियम. नोकरी घालवण्याच्या धमक्या देऊन झाल्या, एका सदस्याने ताईजवळ किल्ली मागून बघितली आणि तिच्याकडे एकदा पाहून परत जागेवर जाऊन बसला. आणि पाणी उतरतच होतं, कुणाला न विचारता. काठाचा गाळ उघडा पडत गेला, बोट आधी थरथरली, मग एका अंगाला कलती होऊन बसली. गाद्यांवरून माणसं घसरली.

थोड्या वेळाने झडप कण्हली. बिजागरी गंजलेली असावी. खालून आधी एक काळी रेघ आली, मग ओघळ, आणि मग झडपेला धक्का देऊन सगळं बाहेर आलं, बोटीच्या अगदी बाजूने. फेस बोटीच्या पांढऱ्या अंगाला लागला. साहेबांनी रुमाल काढला, सदस्यांनी काढले. केबिनच्या काचा लावल्या, पण आत गुदमरायला लागलं म्हणून परत उघडल्या. नाक मुठीत धरून बसले सगळे, आणि पुढची भरती येईपर्यंत तिथून सुटका नव्हती. मी बांधावर बसून पाहत होते. दया? मला नाही आली. खालच्या वस्तीतली माणसं हे रोज सोसतात, आणि त्यांच्यासाठी कुणी जेवणाची व्यवस्था करत नाही.

अध्यक्षांनी रुमालाआडून ताईला विचारलं, "हे रोज असंच?"

"रोज दोनदा," ताई म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "बाटली भरू?"

"भरा," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब," कप्तान म्हणाला, "माझी साक्ष बदलून लिहा. चालकाने झडप उघडी पाहिली."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. समितीचा निर्णय यायला वेळ लागला, पण आला. निरोगी दर्जा रोखला, नमुने भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा घ्यायचे असं ठरलं, केंद्राची जागा केंद्रालाच राहिली. काम कधी सुरू होईल ते कुणी सांगत नाही. झडप आजही रोज दोनदा उघडते आणि माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या पोरांच्या हातांवर आजही फोड आहेत. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर.

आणि कप्तानाला कार्यालयाचा आदेश आला. बोटीवरून काढून त्याला भांडारात टाकलं आहे, खुर्च्या आणि फायलींवर लक्ष ठेवायला. आदेश त्याने स्वतः वाचला नाही. टेबलावर ताईपुढे सरकवला आणि म्हणाला, "तू वाच."

ताईने चष्मा लावला. नदीचा दर्जा, नाला, झडप, काळं पाणी यांतलं त्यात काही नव्हतं. सरकारी मालमत्तेचं नुकसान, वरिष्ठांची अवज्ञा, आणि मग तिने मोठ्याने वाचलं, "संबंधित चालकाने भरती-ओहोटीच्या वेळा विचारात न घेता निष्काळजीपणाने काम केल्याचे सिद्ध झाले आहे."

"परत वाच," कप्तान म्हणाला. तिने परत वाचलं. मग दोघं भाऊ-बहीण एकमेकांकडे बघून हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचून पाहिलं. खरंच तसंच लिहिलेलं होतं, आणि खाली सही होती.